भाताखालचं अंडं

चांगुणामावशी, माझं शिक्षण कुणामुळे झालं असं कुणी विचारलं, तर पहिलं नाव तुझं. हे मी आज लिहितो आहे. जेव्हा चारचौघांत सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाही. पदवीचा निकाल लागला तेव्हा गावाने देवळासमोर माझा सत्कार केला होता. आमच्या घरातला, खरं तर आमच्या अख्ख्या आळीतला, मी पहिला पदवीधर. माइकवर मी मुख्याध्यापकांचे आभार मानले, मामांचे मानले, सरपंचांचेही मानले. तू पुढच्या रांगेत बसली होतीस. नवं लुगडं नेसून, शहापूरहून दोन गाड्या बदलून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत आली होतीस. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाव भाषणात कसं घ्यायचं हे मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणतो, पण लाजही वाटली असेल. भाषण संपल्यावर तू जवळ आलीस आणि म्हणालीस, "बरा बोल्लास. पन खाली बघून कशाला बोलत होतास रे?" एवढंच. दुसरं काही नाही.

तुला जाऊन आता तीन आठवडे होतील. माणूस गेल्यावर लोक चांगलं चांगलं लिहितात, मलाही लिहायचं आहे. पण कागद समोर घेतला की दुःखाच्या आणि उपकारांच्या आधी दुसरंच काहीतरी वर येतं, आणि ते बाजूला सारून लिहिलं तर तुला ते खोटं वाटेल. तू माझं खोटं लगेच ओळखायचीस. तर सांगून टाकतो. मला रोशनचा मत्सर वाटतो. तू होतीस तेव्हा वाटायचा, आणि आता तू नाहीस तर जास्त वाटतो.

मुरबाडच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून मी आठवीला शहापूरला आलो. दुसऱ्याच आठवड्यात पिशवी भरली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने निघालो, कारण पुढच्या दारात रेक्टर बसले होते. मागच्या दारात तू तांदूळ निवडत होतीस. पिशवीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "जायचं तं जा. उपाशी नाय जायचं." ताट वाढून दिलंस. भात, आमटी, आणि त्या दिवशी बुधवार होता म्हणून प्रत्येकाला मिळायचं ते एक उकडलेलं अंडं. भात अर्धा संपला तेव्हा त्याच्याखाली आणखी अर्धं अंडं निघालं. मी वर पाहिलं. तू तांदूळच निवडत होतीस. मी पिशवी परत खोलीत नेऊन ठेवली.

त्यानंतर बारावीपर्यंत, कितीतरी बुधवारी, माझ्या भाताखाली ते अर्धं अंडं असायचं. शेजारच्याला दिसू नये म्हणून मी डावा हात ताटाभोवती धरून जेवायचो. घरी आम्ही पाच भावंडं. कुठलीही गोष्ट फक्त माझी अशी कधी नव्हतीच. ते अर्धं अंडं फक्त माझं होतं.

आणि पत्रं माझी होती. तुझं माहेर माळशेज चढून वर, घाटावरचं. तुझा भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी पत्र पाठवायचा. तू हात पुसून उंबऱ्यावर बसायचीस आणि मी वाचायचो. संपलं की म्हणायचीस, "परत वाच." मला कळायचं नाही, ऐकू आलं नाही की काय. एकदा विचारलं तर म्हणालीस, "पयल्यांदा नुसतं कळतं. दुसऱ्यांदा मानूस दिसतो." उत्तरही मीच लिहायचो. तुझ्या घरातल्या गोष्टी मला तुझ्या भाच्याहून जास्त ठाऊक होत्या. वसतिगृहात पंचवीस मुलं होती, पण वाचायला तू मलाच हाक मारायचीस.

बारावीचा निकाल घेऊन आलो तेव्हा मी तुला सांगितलं होतं, नोकरी लागली की तुला आमच्या घरी घेऊन जाईन. तू म्हणाली होतीस, "बघू." नोकरी लागली, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. मग लग्न झालं. मग घर बांधायचं होतं. मग मुलगी लहान होती. खरं सांगू मावशी, दर वर्षी मला एक कारण मिळत गेलं, आणि दर वर्षी ते खरंही होतं. वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद झालं आणि जेवणाचं काम बाहेरच्या माणसाला दिलं गेलं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्या रविवारी मी मोटरसायकल काढली आणि सरळगाव, किन्हवली करत सापगावला तुझ्या खोलीवर आलो. तुला न्यायलाच आलो होतो. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मावशी जपानी शेवयांच्या हॉटेलात गेलीय."

मला वाटलं ती थट्टा करते आहे.

शहापूरच्या हमरस्त्यावर, टायरचं दुकान आणि खताचं दुकान यांच्यामध्ये, आठ माणसं बसतील एवढी ती खोली. लांब लाकडी फळी, तिच्यापुढे उंच स्टुलं, फळीच्या पलीकडे वाफ. बाहेरच्या पाटीवर वर जपानी अक्षरं आणि खाली मराठीत, 'हाताने केलेलं रामेन'. आत नाशिककडे निघालेलं एक कुटुंब बसलं होतं, आणि दोन कॉलेजची पोरं. वाफेच्या पलीकडे तू. लुगड्यावर काळा एप्रन. मला पाहून म्हणालीस, "गुऱ्या, ये रे. हात धू आदी." जसं काही आपण कालच भेटलो होतो.

तू माझ्यापुढे वाडगा ठेवलास. कोंबडीच्या हाडांचा दिवसभर उकळलेला रस्सा, पिवळसर लांब शेवया, कांद्याची पात, बांबूचे मिठात मुरवलेले कोंब. ते तर आपले वास्तेच होते. आणि वर, सगळ्यांना दिसेल असं, मधोमध चिरलेलं अंडं. मी शेजारच्या वाडग्यात पाहिलं. तिथेही तसंच. त्याच्या पलीकडेही.

मला दोन काड्या दिल्यास. मला त्या धरता येईनात. तू फळीवरून वाकून माझी बोटं नीट लावून दिलीस आणि म्हणालीस, "बीएस्सी झालास ना?" कॉलेजची पोरं हसली. मग म्हणालीस, तोंडाने आवाज करून ओढ, तसंच खायचं असतं. मावशी, वसतिगृहात आमटी ओढताना आवाज झाला तर तू पळी उगारायचीस. मी विचारलं, आवाज करायचा हे कुणी सांगितलं? तू मागे वळून मानेने दाखवलंस. "ह्यानं."

हा म्हणजे रोशन. सापगावचाच, शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. जपानात तयार जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात तीन वर्षं होता आणि सुट्टीच्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या आठ स्टुलांच्या रामेनच्या दुकानात भांडी घासायचा. परत आला तो तेच करायचं ठरवून. पण इथे आल्यावर त्याच्या शेवया पाण्यात टाकल्या की तुटायच्या. तू त्याच्या शेजारच्याच चाळीत राहायचीस. रोज सकाळी त्याला तुटक्या शेवया गुरांच्या पाटीत टाकताना पाहायचीस. आमच्या या भाताच्या मुलखात गव्हाच्या कणकेचं कुणाला काय कळतंय. पण तू घाटावरची, हातावर शेवया वळणाऱ्या बायकांतली. एक दिवस तू त्याच्या ओट्यावरची पुडी उघडलीस, आतली जपानहून आणलेली पांढरी पूड नखावर घेतलीस, जिभेला लावलीस आणि म्हणालीस, "ह्यो तं पापडखार." मग पीठ कसं तिंबायचं, किती वेळ ओल्या फडक्याखाली ठेवायचं, ओढताना कुठे थांबायचं, ते तू त्याला दाखवलंस. शेवया तुटायच्या थांबल्या.

हे सगळं त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, त्याच पहिल्या रविवारी. मी रस्सा पीत ऐकत होतो. रस्सा इतका चांगला होता की राग आला.

त्यानंतर मी दर रविवारी येऊ लागलो. बायको म्हणायची, एवढ्या लांब शेवया खायला जाता. मी शेवया खायला येत नव्हतो. मी मोजायला यायचो. तू त्याला किती वेळा हाक मारलीस आणि मला किती वेळा. तो तुला 'मावशे' म्हणायचा, आमच्यासारखंच, आणि मला वाटायचं हा शब्द त्याने आमच्या वसतिगृहातून न विचारता उचलून नेला आहे. एकदा मी कंपनीतून खार तपासायचा कागद आणला, पाण्यात बुडवला की रंग बदलणारा. रोशनसमोर तुला समजावून सांगितलं की खाराचं प्रमाण या रंगावरून अचूक कळतं, अंदाजाने घालायची गरज नाही. रोशनने तो कागद खरंच आवडीने पाहिला. तू दोन बोटं खाराच्या पाण्यात बुडवून एकमेकांवर घासलीस. "कागदाला काय चव कळते रे?" असं म्हणून तू माझा कागद बरणीवर ठेवून दिलास. पुढच्या रविवारी तो तिथेच होता, त्यावर पीठ सांडलेलं. रोशनकडे वजनकाटा होता. तोही तू बाजूलाच सारला होतास. पावसाळ्यात पीठच ओलं असतं, काट्याला ते काय कळणार, असं तुझं म्हणणं. पण त्याने तुझी ती दोन बोटं शिकून घेतली. मी कागद आणत बसलो.

मग तो रविवार आला. त्याबद्दल मी तुझ्याशी समोरासमोर कधीच बोललो नाही, आणि आता बोलायला जागा उरली नाही.

दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. रोशन पुढे काहीतरी आणायला गेला होता. तू माझ्यापुढे वाडगा ठेवून समोरच उभी होतीस, कंबरेवर हात ठेवून. मला दिसलं की तुझी पाठ दुखते आहे. मी म्हणालो, मावशी, बस झालं, आता घरी चल, दोन खोल्या आहेत, एक तुझी. तू म्हणालीस, जाऊ कधीतरी. मी म्हणालो, "कधीतरी कधी? या वयात भट्टीपुढे उभी राहतेस. तो तुला वापरून घेतोय."

"कोन?"

"रोशन. तुझ्या हातावर त्याचं हॉटेल चाललंय."

"मग चालू दे की," तू म्हणालीस. "माझ्या हातावर तुमी पंचवीस पोरं चाललात. तवा कुनी काय बोल्लं नाय."

मी म्हणालो, मी तुला काही कमी पडू देणार नाही, तू फक्त बसून खा. तेव्हा तू फडक्याला हात पुसलेस, सावकाश, एक एक बोट.

"गुऱ्या, जल्मभर वाढलं मी. 'मावशे, भात घाल' याच्यापुढं मला कुनी काय इचारलं नाय. तू पन नाय. ह्यो पोरगा रोज सकाळी इचारतो, 'मावशे, आज पीठ कसं हाय?' मी नको बोल्ली तं त्या दिवशी शेवया करत नाय. दार लावून ठेवतो."

मी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. मग जे बोलायचं नाही ते बोललो. मी म्हणालो, "माझ्यासाठी भाताखाली अंडं लपवायची ती मावशी वेगळी होती. आता काय, ज्याच्या त्याच्या वाडग्यात वर ठेवलेलं अंडं."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या ओठांचा कोपरा हलला, हसू येताना हलायचा तसा. "तुझ्या एकट्यासाठी?" तू म्हणालीस. पुढे काही म्हणणार होतीस. एवढ्यात दारातून तीन माणसं आत आली आणि तू त्यांच्याकडे वळलीस. मी उठलो. वाडगा अर्धा भरलेला तसाच टाकून बाहेर आलो. वसतिगृहात पाच वर्षांत मी तू वाढलेल्या ताटात एक शीत टाकलं नव्हतं. 'ताटात टाकायचं नाय' हा तुझा एकच नियम होता, आणि तू तो कुणालाही दोनदा सांगत नसायचीस. किन्हवलीपर्यंत आलो तेव्हा ते लक्षात आलं. परत फिरलो नाही.

पाच रविवार मी आलो नाही. तू दोनदा फोन केलास. "जेवलास का?" विचारलंस, मी हो म्हणालो, तू "बरं" म्हणालीस. फोनवर तुझ्याशी मला कधीच बोलता आलं नाही. आपलं जे काही होतं ते उंबऱ्यावरचं, कागद हातात घेऊन. म्हणून सहाव्या आठवड्यात मी पत्र लिहिलं आणि दुकानाच्या पत्त्यावर टाकलं, कारण खोलीवर तू कमीच असायचीस. पत्रात लिहिलं होतं की येत्या रविवारी येतो. शुक्रवारी दुपारी रोशनचा फोन आला.

जे झालं ते तुला मी काय सांगणार. तू पिठाला फडकं घालून जरा टेकलीस आणि उठली नाहीस. फडक्याखालचं ते पीठ रोशनने टाकलं नाही, शेवयाही केल्या नाहीत. दहाव्यापर्यंत ते तसंच होतं म्हणे. स्मशानात तो माझ्याहून जास्त रडला. मला तेही सहन झालं नाही. मी मनात म्हणालो, तू तिचा दोन वर्षांचा, मी अठरा वर्षांचा.

दहाव्याला भातसा नदीच्या काठी तुझ्या भाच्याने पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर रांगेने बसलेले, पण एकही खाली येईना. रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. भाचा म्हणाला, "आत्ये, घरचं सगळं बरं हाय, काळजी करू नको." कावळे बसून. मग मी पुढे झालो. मला खात्री होती, मावशी. तू माझ्यासाठीच अडली असणार, आपलं बोलणं अर्धं राहिलं होतं. मी म्हणालो, "मावशी, मी तुझं नाव घेईन. चारचौघांत घेईन." बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. एका कावळ्याने पंख नीट केले आणि तो पुन्हा बसला. मागून रोशन आला. माझ्या बाजूला उभा राहून, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशे, खाराचं पानी काट्यावर नाय घालनार. बोटांवर बघून घालीन."

कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेने हात जोडले. मी जोडले, पण त्या कावळ्याचासुद्धा मला राग आला.

नंतर आम्ही वसतिगृहातली जुनी मुलं झाडाखाली चहा घेत बसलो. सहा जण आले होते. एक आता शिक्षक आहे, एक कसाऱ्याला रेल्वेत आहे, बाकीचे असेच कुठे कुठे. बोलता बोलता कसाऱ्याचा म्हणाला, "मावशीचं बुधवारचं जेवण आठवतं का रे?" आणि स्वतःशीच हसला. डावा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता, ताटाभोवती धरावा तसा. मी उठलो आणि नदीवर पाय धुवायला गेलो. पाय स्वच्छच होते. पाण्यात बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. मी काही विचारलं नाही. तू जे वाक्य अर्धं सोडलं होतंस ते अर्धंच राहू दे.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी दुकानात गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. रविवारी निघायची सवय, असं बायकोला सांगितलं. रोशनने त्याच दिवशी दुकान उघडलं होतं. फळीपलीकडे तो एकटा. मला पाहून त्याने नळाकडे बोट दाखवलं. मी हात धुतले. त्याने वाडगा पुढे ठेवला. शेजारी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्या वाडग्यांत अंडं वर होतं. माझ्या वाडग्यात नव्हतं.

म्हणजे पत्र याने वाचलं आहे, हे मला तिथे कळलं. माझ्या पत्रात त्याच्याबद्दल जे होतं ते वाचून कुणीही मला अंडं दिलं नसतं. चेहरा तापला. उठून जावं असं वाटलं, पण एकदा अर्धा वाडगा टाकून गेलो होतो, आता पुन्हा जाता येत नव्हतं. मी काड्या घेतल्या. तू बोटं लावून दिली होतीस तशी लावली. आवाज करून शेवया ओढू लागलो. चांगल्या होत्या. तुझ्यासारख्या नव्हत्या असं लिहावंसं वाटतं, पण तुझ्यासारख्याच होत्या. अर्ध्यावर आलो तेव्हा काडी कशाला तरी अडली. शेवयांच्या तळाशी अर्धं अंडं होतं.

मी वर पाहिलं. रोशन पाठमोरा होता, चाळणीतलं पाणी झटकत होता.

"मावशीनं सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला.

मग गिऱ्हाइकं गेल्यावर त्याने सांगितलं. पत्र मंगळवारी आलं, दुकान बंद असतं त्या दिवशी. तू दुसऱ्या दिवसासाठी पीठ तिंबत होतीस. हात भरलेले होते म्हणून म्हणालीस, फोड आणि वाच. त्याने वाचलं. मी विचारलं, "सगळं?" तो म्हणाला, "सगळं. माझ्यावरचं आलं तवा मी थांबलो, तं मावशी बोल्ली, वाच, तिथं जरा हळू वाच." मग थोडा वेळ फडक्याने फळी पुसत राहिला. "संपल्यावर बोल्ली, परत वाच."

मावशी, तेवढं ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलंही, नंतर, किन्हवलीच्या अलीकडे गाडी बाजूला लावावी लागली. पण आधी मनात आलं ते हे, की 'परत वाच' तू त्यालाही म्हणालीस. ते दोन शब्द माझे होते. माझा मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. एवढंच, की आता तो एकट्याने करायची गोष्ट राहिली नाही. मी निघताना रोशन म्हणाला, "तुमी तिला चौदा वर्षांचे असताना भेटलात. मला ती शेवटची दोन वर्षं मिळाली." त्याच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. माझ्याच घरातलं होतं ते.

पत्र त्याने मला परत दिलं. घडीवर पिठाचे ठसे आहेत. तुझ्या बोटांचे की त्याच्या, मी उजेडात धरून पाहिलं, कळत नाही. पत्र हे असं आहे.

*

तीर्थरूप चांगुणामावशीस,

गुरुनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेत शिकवलं होतं की तीर्थरूप फक्त आई-वडिलांना लिहायचं. मी विचार करून लिहिलं आहे.

त्या दिवशी अर्धा वाडगा टाकून गेलो, त्याबद्दल माफी मागतो. तू तो फेकला असशील तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. तुझ्या हातचं मी आधी कधी टाकलं नाही, पुढे टाकणार नाही.

तुला बसून खायला घालीन असं म्हणालो ते मी प्रेमाने म्हणालो, पण चूक बोललो. तुला काय हवं ते मी अठरा वर्षांत विचारलं नाही. मला वाटायचं, मी खातो आहे, शिकतो आहे, एवढं तुला पुरेसं आहे. आता विचारतो. आज पीठ कसं आहे?

रोशनबद्दल मात्र माझं मन साफ नाही. तो आयत्या वेळी आला असं मला वाटतं. तुला थंडी वाजायची तेव्हा स्वेटर मी आणला होता. तुझ्या भावाचं शेवटचं पत्र मी वाचलं होतं आणि दोन ओळी गाळल्या होत्या, कारण त्या तुला सोसल्या नसत्या. तो यातलं काही जाणत नाही. त्याने तुझे हात पाहिले आणि हॉटेल काढलं. तू त्याच्याकडे पाहून हसतेस तेव्हा मला वसतिगृहातल्या सगळ्यात धाकट्या पोरासारखं रडू येतं. बत्तिसाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते.

इथवर लिहिलं आणि थांबलो. मावशी, तुला वाचता येत नाही. इतकी वर्षं तुझी पत्रं मीच वाचली, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. हे पत्र तुला तोच वाचून दाखवणार.

पत्र फाडावं असं वाटलं. मग वाटलं, नको. दुसरं लिहिलं तर ते गोड लिहीन आणि तू ओळखशील.

रोशन, तू हे वाचत असशील तर वरचं काही गाळू नकोस. मी एकदा गाळलं आहे, ते अजून मनात आहे. मावशीची पाठ दुखते. ती सांगणार नाही. तिच्यासाठी फळीच्या आतल्या बाजूला एक उंच स्टूल ठेव. तिला बसायचं नसलं तरी ठेव.

मावशी, येत्या रविवारी दुपारी येतो. तू काय सांगणार होतीस ते तेव्हा सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. खरं तर नकोच सांगू. कितीजणांच्या भाताखाली काय होतं ते मला ऐकायचं नाही. फक्त माझं अंडं वर ठेवू नकोस. खाली ठेव.

तुझा,
गुऱ्या